वॉर्डातल्या ड्युटीच्या वेळा सोयीने मागता येतात का? (नागपूर)

मानेवाड्याची सिस्टर

नमस्कार. मी नागपुरातल्या एका सरकारी रुग्णालयात अधिपरिचारिका आहे. नोकरीला सतरा वर्षं झाली, त्यातली अकरा बायकांच्या मेडिसिन वॉर्डात. रुग्णालयाचं नाव लिहीत नाही, तेवढं समजून घ्या. लिहिणं लांबेल, पण पूर्ण वाचून उत्तर द्या ही विनंती.

आमचा ड्युटी तक्ता शनिवारी संध्याकाळी लागतो. सहा-साडेसहाला इन्चार्ज सिस्टर ग्रुपवर फोटो टाकतात, तेव्हा सोमवारपासूनचा आठवडा कळतो. सकाळ ८ ते २, दुपार २ ते ८, रात्र ८ ते सकाळी ८. माझे मिस्टर बुटीबोरीला कारखान्यात आहेत. त्यांच्याही तीन पाळ्याच, पण त्यांचं पूर्ण महिन्याचं वेळापत्रक २५ तारखेला हातात येतं. आमच्या फ्रिजवर कॅलेंडर आहे. त्यावर त्यांच्या पाळ्या पेनानं लिहिलेल्या असतात, माझ्या पेन्सिलीनं. सासूबाईंचं डायलिसिस सोमवारी आणि गुरुवारी, सकाळी ७ ते ११. मशीनची वेळ हुकली तर त्या दिवशी दुसरी मिळत नाही, आणि एक दिवस लांबला की त्यांचे पाय सुजतात, रात्री दम लागतो. मुलगा दुसरीत आहे, शाळेची व्हॅन सात-दहाला येते. घरात सगळ्यांच्या वेळा ठरलेल्या आहेत. माझी तेवढी शनिवारी संध्याकाळी ठरते.

गेल्या तान्ह्या पोळ्याला माझा डे ऑफ होता, तक्त्यात लिहिलेला. मुलानं आठ दिवस आधीपासून लाकडी बैल रंगवून ठेवला होता, शिंगांना बेगड लावलं होतं. आदल्या रात्री नऊला फोन आला की एकीची मुलगी तापानं फणफणली आहे, उद्या दुपारी तुम्ही या. गेले. तिची मुलगी खरंच आजारी होती, मी नाही म्हणणार नव्हतेच. मुलगा शेजारच्या काकूंसोबत बैल घेऊन गेला. घरी आले तेव्हा बैल टीव्हीवर ठेवलेला होता आणि पोरगं झोपलेलं होतं.

पण मला लिहायला लावलं ते वेगळ्याच गोष्टीनं. मे महिन्यात सलग दोन नाईट केल्या, सकाळी सुटून थेट सासूबाईंच्या डायलिसिसला गेले, तिथे खुर्चीवर तासभर डोळा लागला असेल, आणि त्याच दिवशी एकीसोबत म्युच्युअल, म्हणजे आपसात ड्युटीची अदलाबदल, केलं होतं म्हणून दुपारी पुन्हा वॉर्डात उभी राहिले. एका पेशंटच्या नातेवाइकांनी बाहेरून इन्सुलिनची बाटली आणली होती, ती एका मिलीत १०० युनिटची. आमच्याकडे रोज वापरात असते ती ४० युनिटची, म्हणून हात सवयीनं तिच्या लाल टोपणाच्या, ४० च्या सिरिंजकडे गेला. त्या सिरिंजवर २० च्या खुणेपर्यंत औषध भरलं तर १०० च्या बाटलीतून ५० युनिट जातात. शेजारी उभ्या असलेल्या सिस्टरनं लाल टोपण पाहिलं आणि माझा हात धरला. त्या बाईंना काही झालं नाही. मी मात्र त्या दिवसापासून नीट झोपलेले नाही. सतरा वर्षांत असं कधी झालं नव्हतं. चूक माझी होती, मी इन्चार्ज सिस्टरांना सांगून वहीत नोंदही केली. पण अडतीस तासांत चार तास झोपलेल्या बाईच्या हातात सिरिंज द्यावीच का, हा प्रश्न मी तेव्हापासून स्वतःला विचारून राहिले.

२९ फेब्रुवारी २०२० पासून राज्य सरकारी कार्यालयांना पाच दिवसांचा आठवडा झाला. वेळ ९.४५ ते ६.१५, अत्यावश्यक सेवा वगळून. वगळलं ते बरोबरच आहे, शनिवारी वॉर्डाला कुलूप लावता येत नाही. पण वगळल्यावर आम्हाला दुसऱ्या कोणत्या प्रकारे मोकळीक देता येईल, हे कोणी बसून ठरवल्याचं आमच्या वॉर्डापर्यंत तरी आलं नाही.

मी एक अर्ज लिहून राहिले. मागणं असं आहे. तक्ता चार आठवड्यांचा असावा आणि दहा दिवस आधी लागावा. प्रत्येकीला महिन्यात दोन दिवस ‘या दिवशी ड्युटी नको’ असं लिहिता यावं. ज्यांना नाईटच सोयीची पडते त्यांना ती सलग घेऊ द्यावी, लेखी संमतीनं. सकाळी १० ते ४ अशी एक मधली ड्युटी असावी, कारण राउंड, डिस्चार्ज, तपासण्या, नवे पेशंट हे सगळं त्याच वेळेत अंगावर येतं. आणि उन्हाळ्यात पाळी दुपारी २ ऐवजी १२ ला बदलावी. नवतप्यात दीडच्या उन्हात मानेवाड्याहून स्कूटीवर निघायचं म्हणजे तोंडावर भट्टी उघडल्यासारखं होतं. २३ मे २०१३ ला इथे ४७.९ अंश नोंदले गेले तेव्हा मी वाटेत सक्करदऱ्याला रसवंतीच्या सावलीत दहा मिनिटं थांबले होते. दुपारी काही चौकांतले सिग्नल बंद ठेवतात, लोकांना उन्हात थांबावं लागू नये म्हणून. आमची पाळी मात्र त्याच वेळेला बदलते.

वॉर्डात कागदावर आम्ही अकरा आहोत. एक बाळंतपणाच्या रजेवर, एक दुसरीकडे पाठवलेली. उरल्या नऊ. सकाळी तीन, दुपारी दोन, रात्री दोन.

सरकारी रुग्णालयात असं काही कोणी करून पाहिलं आहे का? अर्जात काय लिहिलं तर वरचे निदान वाचतील?

---

निवृत्त अधिसेविका, वर्धा रोड

पोरी, तुझी पोस्ट दोनदा वाचली. मी चौतीस वर्षं नोकरी केली, शेवटची सहा मेट्रन म्हणून. तू ज्या तक्त्यावर चिडली आहेस तसे तक्ते मी शेकडो केले. म्हणून तक्ता करणारीच्या खुर्चीवरून आधी सांगते.

तूच दिलेले आकडे घे. सकाळी तिघींचे सहा-सहा तास म्हणजे १८. दुपारी दोघींचे १२. रात्री दोघींचे २४. दिवसाला ५४, आठवड्याला ३७८ तास. तुम्ही नऊ जणी, आठवड्याला सरासरी ४२ तास धर. नऊ गुणिले बेचाळीस किती? ३७८. एका तासाचीही फट नाही. एकीला ताप आला की तक्ता फाटतो आणि जिचा ऑफ असेल तिच्या घरी फोन जातो. तान्ह्या पोळ्याला तुला फोन आला तो ह्या हिशेबातून आला. भारतीय परिचर्या परिषदेचा निकष शिक्षण रुग्णालयात ३ रुग्णांमागे १ आणि इतर रुग्णालयात ५ मागे १ परिचारिका असा आहे, आणि त्यावर ३० टक्के रजा राखीव. ते ३० टक्के कशासाठी, तर ह्याच फोनसाठी. तुमच्याकडे ते असते तर तो फोन राखीवमधल्या कोणाला तरी गेला असता. अर्जात पहिल्या परिच्छेदात हा हिशेब मांड. तुझ्या सोयीची गोष्ट दुसऱ्या परिच्छेदात येऊ दे.

आता एक कबुली. मी तक्ता शनिवारी लावायचे ते मुद्दाम. गुरुवारपर्यंत माझ्या टेबलाच्या खणात तयार असायचा. आधी लावला की दोन दिवस दारात रांग लागायची, मॅडम माझं बदला, मॅडम माझं बदला. उशिरा लावला की कोणी येत नसे. मला वाटायचं ह्याला शिस्त म्हणतात. तुझी इन्सुलिनची गोष्ट वाचून कळलं की ती रांग थांबली नव्हती, तुम्ही पोरींनी ती म्युच्युअलमध्ये आपसात लावली होती, माझ्या नजरेआड. नाईट उतरून त्याच दुपारी ड्युटी घ्यायची मुभा मी कधी दिली नसती. पण म्युच्युअल झाल्यावर वहीत फक्त सही यायची, आणि मी मागची पाळी कोणती होती ते पाहायचे नाही. ते पाहायला पाहिजे होतं.

आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेची १९७७ ची परिचर्या कर्मचाऱ्यांसाठीची शिफारस आहे, क्रमांक १५७. दोन पाळ्यांमध्ये निदान १२ तास सलग विश्रांती, आणि घरची आखणी करता येईल इतकं आधी वेळापत्रक. त्यासोबतचा १४९ क्रमांकाचा करार भारतानं स्वीकारलेला नाही, त्यामुळे हक्क म्हणून मागता येणार नाही. पण आधार म्हणून नक्की जोड.

मी एकदा प्रयोग केला होता. मुलांच्या वॉर्डात दोघी होत्या. एकीची मुलगी दहावीला, दुसरीच्या घरी धानाची शेती, भंडाऱ्याकडे. पहिलीनं फेब्रुवारी-मार्च सगळ्या सकाळच्या घेतल्या, दुसरीनं ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये. एकीनं घेतलेल्या सकाळी दुसरीनं तेवढ्याच फेडायच्या, वहीत मोजून. दोन वर्षं उत्तम चाललं. माझी बदली झाली, नव्या मॅडमनी वही बंद केली. लेखी आदेश नव्हता, माझा शब्द होता फक्त. म्हणून तुला सांगते, जे मिळेल ते कागदावर घे. ‘कायम करा’ असं मागू नको, ‘तीन महिने, एका वॉर्डात, कोणत्याही पाळीत संख्या कमी न करता’ असं माग. आणि अर्ज देण्याआधी मागच्या तीन महिन्यांची म्युच्युअलची वही काढ. किती बदल झाले, किती आदल्या दिवशी झाले, मोज. आकडा टेबलावर पडला की बोलणं वेगळं होतं.

बालसंगोपन रजा माहीत आहे ना? २०१८ पासून राज्य सरकारी महिला कर्मचाऱ्यांना एकूण १८० दिवस, मूल १८ वर्षांचं होईपर्यंत. पोरी ती परीक्षेसाठी जपून ठेवतात आणि शेवटी विसरतात. सासूबाईंसाठी मात्र ती लागू नाही.

---

काटोलचा ब्रदर

सिस्टर, मी पण सरकारीतच आहे, वेगळ्या रुग्णालयात. आठ वर्षं झाली. लग्न झालेलं नाही. तुमच्या अर्जाला माझा पाठिंबा आहे, पण एक गोष्ट मनात साचली आहे ती सांगतो, राग मानू नका.

आठही दिवाळ्या मी वॉर्डात काढल्या. लक्ष्मीपूजनाला दरवर्षी माझीच नाईट. ‘तुला काय, तुझं लेकरूबाळ नाही’ हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलं आहे की आता तक्ता न पाहताच डबा भरतो. माझे वडील काटोलजवळ एकटे राहतात. चार एकर संत्रा आहे. त्यांना आता पाण्याच्या पाळीला रात्री उठवत नाही. मला एकेक सुटी नको, दोन-तीन दिवस सलग हवे असतात, जायला-यायलाच अर्धा दिवस जातो. सहा नाईट सलग द्या आणि मग चार दिवस सोडा, मी आनंदानं करीन. पण कारण विचारलं की मी बापाचं आणि बगिच्याचं सांगतो, आणि समोरची सिस्टर लेकराचं सांगते, आणि लेकरू जिंकतं. जिंकायलाही पाहिजे कधी कधी. दरवेळी नाही.

म्हणून माझं मत, अर्जाच्या फॉर्मवर कारणाचा रकानाच ठेवू नका. दोन दिवस सगळ्यांना सारखे, कशाला वापरता ते ज्याचं त्याला माहीत. आणि सणांची वेगळी वही ठेवा. ह्या दिवाळीला ज्यानं ड्युटी केली त्याला पुढच्या दिवाळीला सुटी, लग्न झालेलं असो नसो.

दुसरं, १२ वाजता पाळी बदलायची म्हणजे सकाळची पाळी ६ ला सुरू करावी लागेल, नाही तर सकाळवालीला चारच तास राहतात. मेट्रो सुरूच होते सकाळी सहाला. आमच्याकडच्या तीन सिस्टर हिंगण्याकडून येतात, लोकमान्य नगरहून मेट्रोनं. त्या सहाला वॉर्डात कशा पोचतील? उन्हाळ्याचं मागणं चांगलं आहे, पण त्यानं दुसऱ्याच बायकांची पंचाईत होते.

सलग नाईटचं मी मागतो आहे खरं, पण तेही डोळे उघडे ठेवून मागतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं रात्रपाळीला २००७ मध्ये ‘बहुधा कर्करोगकारक’ गटात टाकलं आणि २०१९ मध्ये पुन्हा तपासून तिथेच ठेवलं. म्हणून संमती दर सहा महिन्यांनी नव्यानं घ्यावी, एकदा सही केली म्हणजे जन्माची नाईट असं होऊ नये.

---

मानेवाड्याची सिस्टर

ब्रदर, राग कशाचा. तुम्ही लिहिलेलं वाक्य मी स्वतः बोलले आहे. आमच्या वॉर्डात एक सिस्टर आहेत, एकट्या राहतात, आणि माझ्या लेकराचं नाव घेऊन त्यांच्याशी किती म्युच्युअल केले ते आता मोजायला लागणार. कारणाचा रकाना काढते. सहाची पाळी पण काढते, हिंगण्याचं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

मॅडम, तुमचा हिशेब मी नवऱ्याला दाखवला. ते म्हणाले आमच्या कारखान्यात मशीन बंद पडेल म्हणून जास्तीचा माणूस धरतात, तुमच्याकडे माणूसच मशीन समजतात. वही मागितली आहे, सोमवारी मिळेल.

---

यॉर्कशायरमधून, मूळची नंदनवन

ताई, मी नागपूरचीच. सहा वर्षांपासून इंग्लंडमध्ये एनएचएसमध्ये, म्हणजे तिथल्या सरकारी आरोग्य सेवेत, काम करते आहे. इथलं सांगते, कारण इथलं फार गोड करून सांगतात आणि तसं ते नाही.

सप्टेंबर २०२१ पासून इंग्लंडमधल्या एनएचएसच्या नोकरीच्या अटींमध्ये लवचीक कामाची मागणी पहिल्या दिवसापासून करता येते. कितीही वेळा करता येते आणि कारण सांगावं लागत नाही, म्हणजे ब्रदर म्हणतात तेच. एप्रिल २०२४ पासून देशाच्या कायद्यातही पहिल्या दिवसाचा हक्क आला, इतर सगळ्या नोकऱ्यांसाठी, वर्षात दोनदा मागता येतं. पण हा मागण्याचा हक्क आहे, मिळण्याचा नाही. मी मुलीच्या शाळेसाठी बुधवार मागितला, तर पहिल्यांदा नकार आला. बुधवार आधीच तिघींनी घेतला होता. फरक एवढाच की नकार लेखी आला, कारणासकट, आणि सोबत मंगळवार चालेल का असं विचारलं होतं. मंगळवार चालला.

आमच्या वॉर्डात प्रत्येकीनं आपापली ड्युटी आधी भरायची, मोबाइलवर. नियम ठरलेले असतात, इतक्या नाईट घ्यायच्याच, इतके शनिवार-रविवार घ्यायचेच. मग इन्चार्ज रिकाम्या जागा भरते. त्यात तिचं काम कमी झालं असं ती म्हणते, भांडणंही कमी झाली. पण पूर्ण वेळ म्हणजे आठवड्याला साडेसदतीस तास, आणि ते तीन लांब दिवसांत संपवतात, एकेक दिवस जवळपास साडेबारा तासांचा. चार दिवस मोकळे मिळतात हे खरं, पण तिसऱ्या दिवशी संध्याकाळी पाय ओढत घरी जाते. तास कमी केले तर पगारही त्या हिशेबात कमी. आणि माणसं कमी आहेत ती इथेही आहेतच. लवचीक वेळेनं रिकामी पदं भरत नाहीत. पण सोडून जाणाऱ्या काही जणी थांबतात, हे मी डोळ्यांनी पाहिलं.

नागपुरात असताना मी तेरा महिने कंत्राटी होते. तेव्हा माझ्या वेळेबद्दल मला कोणी काही विचारलं असेल असं आठवत नाही. मॅडम, तुमची कबुली वाचून बरं वाटलं.

---

शहरी आरोग्य केंद्र, लॅब

थोडक्यात लिहितो, सॅम्पल लावून बसलो आहे.

वेळ बदलली की पेशंटचा पण फायदा होतो, ते कोणी लिहिलं नाही. राष्ट्रीय शहरी आरोग्य अभियानाच्या आराखड्यात शहरी केंद्राची ओपीडी दुपारी १२ ते रात्री ८ ठेवावी असं सुचवलं आहे. मे २०२३ मध्ये राज्यभर ‘आपला दवाखाना’ सुरू झाले तेही दुपारी २ ते रात्री १०. कारण उघड आहे. आमच्या वस्तीतल्या बाया सकाळी धुणीभांड्याला जातात, माणसं ठिय्यावर, मजुरीच्या नाक्यावर. सकाळी नऊला ओपीडी उघडून बसलो तर म्हातारी माणसं येतात. साखर आणि हिमोग्लोबिन तपासायला पाहिजे ती बाई येते संध्याकाळी साडेसहाला. मी स्वतः दुपारची वेळ मागून घेतली आणि माझ्या टेबलावर गर्दी वाढली.

पण माझ्यासोबतची एएनएम (आरोग्यसेविका) ताई लसीकरणाच्या दिवशी सकाळी येते आणि संध्याकाळची ओपीडीही तीच पाहते. वेळ लवचीक झाली ती केंद्राची, तिची नाही. मधले तीन तास ती कुठे जाणार? घर कामठीला. केंद्रात टेबलावर डोकं ठेवून पडते. शिवाय आमचं कंत्राट दरवर्षी नव्यानं होतं. कायम सिस्टर अर्ज करू शकतात, ती नाही करणार. तुमच्या अर्जात कंत्राटी लोकांचंही एक वाक्य टाका.

रात्रीचं पण बोला. २०२४ मध्ये कोलकात्याच्या रुग्णालयात ड्युटीवरच्या डॉक्टर तरुणीवर बलात्कार करून तिचा खून झाला, त्यानंतर बंगाल सरकारनं बायकांना रात्रपाळी शक्यतो टाळा असं काढलं होतं, तेव्हा सर्वोच्च न्यायालयानंच विचारलं की बायकांना रात्री काम करू नका कसं सांगता, सुरक्षा देणं तुमचं काम आहे. लवचीक वेळेच्या नावाखाली बायकांच्या नाईट काढून ब्रदर लोकांवर टाकल्या, असं व्हायला नको. रात्री आठला सुटणाऱ्या बाईला घरापर्यंत गाडी पाहिजे.

---

मानेवाड्याची सिस्टर

पाच आठवड्यांनी लिहिते आहे. मधे अर्ज दिला, त्याआधी वही मोजली.

तीन महिन्यांत आमच्या नऊ जणींत ७१ म्युच्युअल झाले. त्यातले ५२ आदल्या दिवशी किंवा त्याच दिवशी. चौदा वेळा नाईट उतरून कोणीतरी त्याच दुपारी पुन्हा आली होती. त्या चौदांत मी चार वेळा आहे. वही सगळ्यांच्या समोर टेबलावर असते, रोज सह्या होतात, आणि हे आम्हाला कोणालाच माहीत नव्हतं. मॅडम, तुम्ही म्हणालात तसंच झालं. आमच्या मेट्रन मॅडमनी अर्जातली बाकी पानं उलटली आणि ‘चौदा’वर बोट ठेवलं. बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग त्यांनी स्वतः वही मागवली.

मिळालं ते सांगते. तक्ता दोन आठवड्यांचा, गुरुवारी लागेल. प्रत्येकीला महिन्याला दोन ‘नको’चे दिवस, कारण न लिहिता. नाईट उतरल्यावर त्या दिवशी ड्युटी नाही, म्युच्युअल करूनही नाही. सणांची वही सुरू केली, गेल्या तीन वर्षांच्या नोंदी काढून. मुदत तीन महिने, आमचाच वॉर्ड, लेखी. मधली १० ते ४ ची ड्युटी आणि सलग नाईट नाही मिळाल्या. बाहेर पाठवलेली सिस्टर परत आली की बोलू म्हणाल्या. हिशेब पाहता त्यांचंही बरोबर आहे. आणि डिसेंबरात विधिमंडळाचं अधिवेशन लागलं की दोघी-तिघींना तिकडच्या वैद्यकीय पथकात जावं लागतं, तेव्हा हे टिकतं का ते पाहायचं आहे. कंत्राटी सिस्टरांनाही हेच लागू, असं वाक्य टाकलं होतं. त्यावर कोणी हरकत घेतली नाही. घरापर्यंतच्या गाडीचं वर पाठवते म्हणाल्या.

नुकसान पण झालं. नाईटनंतरची दुपार बंद झाल्यावर दोघींची अडचण झाली, त्या तशाच घर चालवत होत्या. एकीनं माझ्याशी आठ दिवस बोलणं सोडलं. तिचं म्हणणं, तुझी चूक झाली, आमची सोय गेली. तिला काय उत्तर द्यावं मला सुचलं नाही. मी माझ्या दोन दिवसांतला एक ह्या महिन्यात तिला दिला.

सासूबाईंचे पुढचे चारही सोमवार-गुरुवार जमले आहेत. दोन मिस्टर नेतील, दोन मी.

वॉर्डातल्या ज्या सिस्टरांबद्दल वर लिहिलं होतं, एकट्या राहणाऱ्या, त्यांची सणांच्या वहीत तीन वर्षांतली सगळ्यात जास्त नावं निघाली. तीन दिवाळ्या, तीन होळ्या. दोन ‘नको’चे दिवस सगळ्यांनी पहिल्याच दिवशी लिहून टाकले. त्यांनी लिहिले नाहीत. विचारलं तर म्हणाल्या, मला कोणता दिवस हवा हे मी कधी ठरवलंच नाही ग. त्यांचा रकाना अजून रिकामा आहे. उद्या दुपारी आम्हा दोघींची सोबत ड्युटी आहे. कॅलेंडर घेऊन जाते.